दौंडची मॅच आणि एक टँकर पाणी

शिरूरच्या कॉलेजात मी शारीरिक शिक्षणाचा मास्तर म्हणून लागलो तेव्हा तिथं कबड्डी होती, खो-खो होता, कुस्ती तर होतीच. फुटबॉल नव्हता. माझं सगळं लहानपण दौंडच्या रेल्वे क्वार्टर्समध्ये गेलेलं. वडील रेल्वेत फिटर, आणि क्वार्टर्सच्या मागच्या मैदानावर आम्ही पोरं अंधार पडेपर्यंत बॉलमागं पळायचो. त्यामुळं नोकरी पक्की झाल्याबरोबर मी प्राचार्यांकडे हट्ट धरला, की एक फुटबॉलचा संघ काढू द्या. ते म्हणाले, "काढा. पण हरून आलात तर मला तोंड दाखवू नका." म्हणाले हसत हसतच, पण पहिल्याच वर्षी दौंडच्या कॉलेजनं आम्हाला सात गोलांनी हरवलं आणि मी खरोखरच दोन दिवस त्यांच्या केबिनकडे फिरकलो नाही.

ही गोष्ट त्याच्या पुढच्या वर्षीची. नव्वदीचं दशक सरत आलं होतं. विभागीय स्पर्धेचं पत्र आलं. पहिलीच मॅच दौंडबरोबर आणि तीही आमच्या मैदानावर. हातात दहा दिवस होते.

मैदान म्हणायला मैदान. खरं तर तो मुरमाचा माळ होता. कॉलेजची इमारत बांधताना निघालेला मुरूम तिथं पसरलेला, ऑक्टोबरच्या उन्हात तो विटेसारखा भाजून निघायचा. प्रॅक्टिसच्या आधी पंधरा मिनिटं आम्ही खडे वेचायचो. गोलपोस्ट पाइपचे. जाळी नव्हती, म्हणून घोडनदीवरच्या भोई मंडळींकडून एक जुनं मासे धरायचं जाळं आणून बांधलं होतं. पोरं खेड्यापाड्यांतली. कुणी शेतातून यायचं, कुणी दूध घालून. त्यांतला एक कवठे येमाईचा. त्याच्या आजोबांपर्यंत घरात मेंढरं होती, आता बागायत होती. पण पायांत ती चाल तशीच राहिलेली. डाव्या बाजूनं सुटला की धरवत नसे. बाकीच्या संघाला मी काय ते पळायला शिकवत होतो. त्याला थांबायला शिकवावं लागायचं.

पत्र आलं त्या दिवसापासून माझं चित्त जाग्यावर नव्हतं. वर्गात हजेरी घेताना मी एकच नाव दोनदा पुकारायचो. ताटात भाकरीचे तुकडे करून त्यांचे बॅक आणि फॉरवर्ड मांडायचो. बायको एकदा म्हणाली, "जेवताय का मॅच खेळताय?" मी म्हणालो, "दोन्ही." ती म्हणाली, "मग तो आमटीतला गोलकीपर आधी काढा. भिजतोय."

अस्वस्थ होण्याचं कारण नुसतं दौंड नव्हतं. दौंडच्या संघाला शिकवणारा माणूस माझाच गुरू होता. रेल्वेत गार्ड होते ते. क्वार्टर्समधली सगळी पोरं त्यांना मामा म्हणायची. ड्यूटीवरून उतरले की घरी न जाता आधी मैदानावर यायचे, पांढऱ्या गणवेशातच. बॉल कसा थांबवायचा, अंगावर आलेल्या माणसाला कसं चकवायचं, हे सगळं मला त्यांनी शिकवलं. निवृत्तीनंतर ते तिथल्या कॉलेजच्या पोरांना शिकवायला लागले होते.

पण मनात एक जुनी गाठही होती. मी सतरा वर्षांचा असताना एका स्पर्धेचा शेवटचा सामना होता. आदल्या संध्याकाळी मामा मला म्हणाले, "उद्या तू खेळणार." मी बूट धुऊन वाळत घातले, आईला सांगितलं, वडिलांनी रजा टाकली. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला पूर्ण वेळ बाहेर बसवून ठेवलं. का, ते सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. वडील मॅच संपायच्या आधीच उठून घरी गेले होते.

आठ दिवस उरले तेव्हा मला राहवेना. एक दिवसाची किरकोळ रजा टाकली आणि न्हावऱ्यावरून चौफुल्याला जाणारी एस.टी. धरली. चौफुल्याहून दौंडला जीपनं. बायकोला सांगितलं, जुन्या मित्राला भेटून येतो. डोक्यावर टोपी ओढून मैदानाच्या कडेच्या अर्धवट पडलेल्या भिंतीमागं उभा राहिलो. माझं वय तेव्हा चौतीस, आणि मी चोरून दुसऱ्याची प्रॅक्टिस बघत होतो.

त्यांच्या मैदानावर गवत होतं. पोरं बॉल जमिनीला चिकटवून खेळवत होती. डाव्या बाजूला एक काटकुळा पोरगा होता, त्याच्याकडे बॉल गेला की बाकीचे दहाही जण आपोआप पुढं सरकायचे. मी खिशातून कागद काढून टिपणं करत होतो तेवढ्यात हाक आली.

"अरे मास्तर, भिंतीमागून पोरांचे पाय दिसत नाहीत. इकडं ये."

मामांनी मला कधी पाहिलं कोण जाणे. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ते मात्र हसत होते. त्यांनी मला शेजारी बाकावर बसवलं, चहा मागवला, आणि जणू मी त्यांच्याच संघाचा असल्यासारखं सगळं सांगायला लागले.

"हा डावीकडचा बघ. याला एकटा माणूस पुरायचा नाही, दोन लाव. आणि आमचा उजवा बॅक नवा आहे. पळतो, पण वळताना अडखळतो. त्याच्या बाजूनं या."

मी त्यांच्याकडे बघतच राहिलो. "मामा, हे तुम्ही मला का सांगताय?"

"गेल्या वर्षी सात गोल केले आम्ही. माझी पोरं त्यातून काय शिकली? आळशी झाली. मला मॅच हवी आहे." मग चहा संपवून म्हणाले, "आणि एक काम कर. आदल्या दिवशी तुझ्या त्या माळावर एक टँकर पाणी मार. तुझ्या पोरांना सवय आहे, माझी पोरं गवतावरची आहेत. पडली तर हातपाय मोडून घेतील."

"मारतो की," मी म्हणालो.

परतीच्या एस.टी.त खिडकीशी बसलो आणि चौफुला मागं पडेपर्यंत खुशीत होतो. पारगावचा भीमेवरचा पूल लागला तिथं मनात पहिला किडा शिरला. कुठला कोच आपल्या संघातली कच्ची बाजू समोरच्याला सांगतो? न्हावरा येईपर्यंत किड्याचा साप झाला होता. उजवा बॅक नवा आहे म्हणून सांगितलं, म्हणजे तिथंच त्यांनी सापळा लावला असणार. आणि पाणी? पाणी मारलं की माती दबणार, बॉल उसळणार नाही, जमिनीला चिकटून पळणार. म्हणजे त्यांचाच खेळ. उद्या तू खेळणार, असंही ते एकदा म्हणाले होतेच की.

पुढच्या आठवड्यात मी पोरांचा जीव खाल्ला. रोज नवीन आखणी. सोमवारी सांगितलेलं मंगळवारी बदलायचो. शेवटी ठरवलं, मामांनी सांगितलं त्याच्या बरोबर उलट करायचं. हल्ला आमच्या उजवीकडून, म्हणजे त्यांच्या डाव्या बॅकवर. कवठ्याच्या पोराला मी डावीकडून काढून उजवीकडं घातलं.

तो चक्रावला. "सर, मला उजव्या पायानं मारताच येत न्हाई."

"चार दिवसांत येईल."

"आन् डावीकडं का नगं?"

"सांगितलं तेवढं कर."

मी असा खेकसल्यावर तो खाली मान घालून उजवीकडं जाऊन उभा राहिला. बाकीची पोरंही आपापल्या जागेवर गेली. मला माझं खेकसणं आवडलं नाही, पण मागंही फिरता येईना.

मॅचच्या आदल्या दिवशी दुपारी टँकर आला. तो मीच दौंडहून निघताना फोन करून सांगून ठेवला होता; शिरूरला आल्यावर नको म्हणून निरोप द्यायचा, ते राहून गेलं होतं. की राहू दिलं होतं, आता नक्की आठवत नाही. ड्रायव्हरनं विचारलं, "सर, कुठून सुरू करू?" मी मैदानाकडं पाहिलं. पांढुरका, तापलेला, कडक माळ. एका कडेनं एन.एस.एस.च्या पोरांनी लावलेली कडुलिंबाची रोपं माना टाकून उभी होती.

"मैदानावर नको," मी म्हणालो. "झाडांना सोड."

"सगळा?"

"सगळा."

ड्रायव्हरनं खांदे उडवले आणि पाइप जोडला. मी तिथं थांबलो नाही.

मॅचच्या दिवशी दौंडचा संघ जीपमधून उतरला. मामा पांढरी पॅन्ट, पांढरा शर्ट घालून आले होते. उतरल्या उतरल्या ते खाली वाकले, मुरूम चिमटीत धरून चोळला, आणि माझ्याकडं पाहिलं.

"टँकर आला नाही का रे?"

त्यांनीच मला वाट काढून दिली आणि मी त्या वाटेनं गेलो. "नाही आला, मामा. सांगितला होता."

"बरं," ते म्हणाले आणि आपल्या पोरांना गुडघ्यांना पट्ट्या बांधायला सांगायला गेले.

बघायला सगळं कॉलेज लोटलं होतं. प्राचार्य खुर्ची टाकून बसले होते. पहिल्या डावात आमचं काही म्हणता काही चाललं नाही. कवठ्याचा पोरगा उजवीकडं असा धडपडत होता जसं काही कुणी दुसऱ्याचे पाय लावून दिलेत. दौंडचा तो काटकुळा पोरगा मात्र उसळत्या बॉललाही छातीवर घेऊन खाली उतरवायचा. विसाव्या मिनिटाला त्यानं आमच्या दोघांच्या मधून काढून गोल मारला. मासे धरायचं जाळं फुगलं आणि खाली आलं.

मध्यंतरात पोरं लिंबू चोखत माझ्याभोवती बसली. मग कवठ्याचा बोलला. माझ्याकडं न बघता बोलला.

"सर, रागवू नका. त्यांचा उजवा बॅक कच्चा हाय. वळताना अडखळतोय. मी मगापासनं लांबून बघतोय. मला डावीकडं जाऊ द्या."

मामांचेच शब्द होते ते, जसेच्या तसे. म्हणजे ते खरं बोलले होते. आणि एक खरं असेल तर दुसरंही खरंच असणार. मी मैदानाकडं पाहिलं. ऊन उतरत होतं, पण माळ तसाच, भाजलेला. आता पाणी मारायला वेळ नव्हता. नुसता मनात म्हणत होतो, कुणी पडू नये. एवढी चाळीस मिनिटं कुणी पडू नये.

"जा डावीकडं," मी म्हणालो. "चुकलं माझं."

पोरं माझ्याकडं बघायला लागली. मास्तर असं म्हणतो हे त्यांनी ऐकलं नव्हतं.

दुसरा डाव सुरू झाल्यावर तो डावीकडून दोनदा सुटला, तिसऱ्यांदा त्यानं बॅकला वळायला लावलं आणि तो अडखळला तसा आत घुसून गोल केला. एक-एक. पोरांनी मैदान डोक्यावर घेतलं. मी टाळ्या वाजवत होतो आणि नजर मात्र त्या दौंडच्या काटकुळ्या पोरावर होती.

तो पडला पन्नासाव्या मिनिटाच्या सुमाराला. कुणी पाडलं नाही त्याला. बॉल खड्यावर आपटून उसळला, तो वळला, पाय मुरमावरून सरकला आणि तो हातावर आपटला. आवाज माझ्यापर्यंत आला. गुडघा सोलवटून निघालाच होता. पण तो गुडघ्याकडं बघत नव्हता, उजवं मनगट डाव्या हातात धरून नुसता बसून राहिला होता.

त्याला बाहेर काढलं. मामांनी आपल्या मोठ्या रुमालाची झोळी करून हात गळ्यात अडकवला. त्याच्याशिवाय दौंडच्या संघातली हवाच गेली. शेवटच्या पाच मिनिटांत कवठ्याच्या पोरानं आणखी एक गोल मारला.

आम्ही जिंकलो. कुणीतरी गुलाल आणला होता. प्राचार्यांनी माझ्या गळ्यात हार घातला आणि कानाशी म्हणाले, "आता रोज तोंड दाखवा." पोरांनी मला उचललं. वरून मला दिसलं, मामा त्या पोराला जीपकडं नेत होते. जाताना ते लिंबाच्या रोपांपाशी क्षणभर थांबले. रोपांची आळी अजून ओली होती. त्यांनी मागं वळून पाहिलं नाही.

मी खाली उतरलो आणि धावत दवाखान्यात गेलो. डॉक्टर म्हणाले, मनगटाचं हाड मोडलंय, दीड महिना प्लास्टर. पोरगा बाकावर बसला होता. तो एवढंच म्हणाला, "पुढच्या महिन्यात विद्यापीठाच्या टीमचं सिलेक्शन आहे." मामा म्हणाले, "बघू." माझ्याशी ते नेहमीसारखंच बोलले. पोरं चांगली तयार केलीस, म्हणाले. मला वाटलं त्यांनी एक थोबाडीत दिली असती तर बरं झालं असतं.

पुढचे आठ दिवस मॅचच्या आधीच्या दहा दिवसांहून वाईट गेले. लोक रस्त्यात थांबवून अभिनंदन करायचे. मी एका जागी बसू शकत नव्हतो. घरात फेऱ्या मारायचो, मैदानावर फेऱ्या मारायचो. त्या रोपांकडं बघवत नव्हतं, आणि ती मेली चांगली तरारली होती. बायकोनं एकदा समोर बसवलं आणि विचारलं, "जिंकलात ना? मग हे काय?" मी तिला सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मग मला काय सांगताय? ज्यांना सांगायचं त्यांना सांगा."

रविवारी मी पुन्हा दौंडला गेलो. या वेळी भिंतीमागं नाही, सरळ मामांच्या घरी. ते ओट्यावर पेपर वाचत होते.

"मामा, टँकर आला होता."

"माहीत आहे," ते म्हणाले. "मैदान कोरडं आणि झाडांची आळी ओली. मी गार्डाची नोकरी केलीय रे. सगळा जन्म गाडीच्या मागं उभं राहून काय सुटलं, काय राहिलं हेच बघत आलो." मग पेपराची घडी घालून म्हणाले, "आठ दिवस लागले तुला."

मी मग ते जुनं काढलं. कशाला, कुणास ठाऊक. कदाचित माझ्या चुकीला आधार हवा होता. म्हणालो, सतरा वर्षांचा असताना तुम्ही मला खेळवतो म्हणून सांगितलंत आणि बसवून ठेवलंत, तेव्हापासून तुमच्या शब्दावर माझा विश्वास नव्हता.

ते बराच वेळ आठवत राहिले. कपाळाला आठ्या घालून, मनापासून. शेवटी म्हणाले, "नाही आठवत रे."

सतरा वर्षं मी उराशी धरलेली गोष्ट त्यांच्या खिजगणतीतही नव्हती. मला आधी राग आला, मग हसू आलं, आणि मग फार एकटं वाटलं.

"चल," ते उठत म्हणाले. "मला सांगून काय उपयोग? हात त्याचा मोडलाय."

तो पोरगा क्वार्टर्समध्येच राहायचा, आमच्या जुन्या घरापासून चौथ्या दारात. वडील ड्यूटीवर होते. आईनं पाणी दिलं. पोरगा प्लास्टरमधला हात उशीवर ठेवून बसला होता. मी त्याच्यासमोर सगळं सांगितलं, काही न वगळता. तो ऐकत होता तसतसा त्याचा चेहरा लाल होत गेला. आई दारात उभी होती, तिनं पदर तोंडाला लावला.

मी माफी मागायला लागलो तर त्यानं मध्येच तोडलं. "माफी-बिफी नको सर. मॅच परत खेळा."

"तशी परत घेता येत नाही. निकाल गेला विद्यापीठाकडं."

"निकाल राहू द्या तुमच्याकडं. माझा हात बरा झाला की इथं या. आमच्या मैदानावर. सगळी टीम घेऊन या."

मी मामांकडं पाहिलं. ते छताकडं बघत होते.

"येतो," मी म्हणालो.

कॉलेजात परत येऊन मी प्राचार्यांना खरं सांगितलं. ते बराच वेळ पेपरवेट फिरवत राहिले. "हे लेखी देताय का?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, देतो. ते म्हणाले, "नका देऊ. पण मॅच खेळायला जा. गाडीचं मी बघतो." पोरांनाही मैदानावर बसवून सांगितलं. सगळ्यांत जास्त कवठ्याच्या पोराला लागलं. त्याचे दोन गोल होते ना. तो दोन दिवस प्रॅक्टिसला आला नाही. तिसऱ्या दिवशी आला, बूट बांधता बांधता म्हणाला, "सर, माजा पयला गोल तरी खरा व्हता. तवा तो पोरगा आत व्हता." मी म्हणालो, होता, खरा होता.

संक्रांत झाल्यावर आम्ही दौंडला गेलो. गवतावर. ना पंच विद्यापीठाचा, ना हार, ना गुलाल. क्वार्टर्समधल्या बायका वाळवण सोडून कडेला येऊन उभ्या राहिल्या होत्या. तो काटकुळा पोरगा असा काही खेळला, की मी कोच असल्याचं विसरून नुसता बघत राहिलो. त्याचे तीन गोल झाले. शेवटच्या शिट्टीला चार-एक. आमचा एक कवठ्याच्या पोरानंच मारला, डावीकडून.

मॅच संपल्यावर तो दौंडचा पोरगा माझ्याकडं आला, घामानं निथळत. मला वाटलं काही बोलेल. त्यानं फक्त उजवा हात पुढं केला, आणि मी तो हळूच धरला तर म्हणाला, "जोरात धरा सर, काय होत नाही."

विद्यापीठाच्या संघात त्या वर्षी तो गेला नाही, आणि पुढच्या वर्षी निवडीला गेला तर त्याला घेतलं नाही. एक वर्ष वाया गेलं म्हणून, की त्याच्याहून चांगले होते म्हणून, हे मला सांगता येणार नाही. मी स्वतःला दोन्ही उत्तरं देऊन पाहिली आहेत. पुढं तो वडिलांसारखाच रेल्वेत लागला. मी मात्र त्या दिवसापासून दर दुसऱ्या रविवारी संघ घेऊन दौंडला जायला लागलो, आणि मामांचे गुडघे गेले तोपर्यंत, म्हणजे पाचेक वर्षं, दोन्ही कॉलेजांची पोरं एकाच मैदानावर त्यांच्या शिव्या खात शिकली.